तोंड झाकलेली मुलगी

॥ श्री ॥

नाशिक,
ता. १२ ऑगस्ट

ती. ताईस,
हेमाचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र पाठवलं म्हणून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. यांचे कान आता अगदीच गेलेत, पण ऐकण्याची हौस तेवढीच आहे. मी तुझ्याशी बोलायला लागले की स्पीकर लाव म्हणतात आणि मग निम्मं संभाषण तेच करतात. जे लिहायचंय ते यांच्या कानावर जाऊन चालणार नाही आणि उन्मेषच्या तर मुळीच नाही.

उन्मेषसाठी एक स्थळ आलंय, तेही तुमच्या कोलकात्यातलं. मुलीचं नाव नूपुर. न्यू टाउनला कुठल्याशा कंपनीत आहे, घर बेहालाला. वडील दिगंबरराव केंद्र सरकारच्या नोकरीत, दोन वर्षांपूर्वी नागपूरहून बदली होऊन आले. आईचं नाव वृंदा. एकुलती एक. फोटोत मुलगी चांगली दिसते आणि आपले चिरंजीव पुण्यात बसून रोज तिच्याशी फोनवर बोलतात. तिशी उलटून गेली तरी ज्यानं एका मुलीला धड उत्तर दिलं नाही, तो हिच्यासाठी ऑफिसातून लवकर घरी येतो! मला खरं तर पेढे वाटायला हवेत.

पण ताई, कुठंतरी पाणी मुरतंय. आम्ही साखरपुड्याचं विचारलं तर म्हणाले, इतक्यात नको. तुम्ही नाशिकला या म्हटलं तर प्रवास जमणार नाही. मग आम्ही तिकडे येतो म्हटलं तर त्या वृंदाबाई घाईघाईनं म्हणाल्या की सध्या नको, आम्ही कळवू. आणि लग्न करायचं ते रजिस्टर, अगदी मोजक्या माणसांत. एकुलत्या एका मुलीचं लग्न आणि आईबापांना माणसं नकोत? कोण असं करतं, सांग बरं! काहीतरी लपवायचं असल्याशिवाय माणूस गर्दीला भीत नाही.

तुमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला ती लोकं येतातच. तू तिला नीट बघ. चालणं, बोलणं, दात, उंची, आईबापांशी कशी वागते, सगळं. तू माझी बहीण आहेस हे मात्र कळू देऊ नकोस. आमचा एकच मुलगा आहे ताई, त्याची फसवणूक झाली तर मला सहन व्हायची नाही.

भावोजींना नमस्कार. धाकटीवर माया आहेच, ती या कामात थोडी जास्त दाखव.

तुझी,
हेमा

॥ श्री ॥

कोलकाता,
ता. ३० ऑगस्ट

चि. सौ. हेमास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

कामगिरी फत्ते असं लिहायला मिळेल वाटलं होतं, पण ती अर्धीच झाली. मुलगी पाहिली. नाकापासून वर पाहिली. खालची काही पाहायला मिळाली नाही.

सांगते. सकाळी आपल्या मंडळात अथर्वशीर्षाची आवर्तनं असतात, त्यांना ती रोज येते. सुती कुर्ता, ओले केस, पाठ ताठ, उच्चार अगदी स्वच्छ. आणि तोंडावर मास्क! तोही साधा नव्हे, तो चोचीसारखा पुढे आलेला, पांढरा, नाकावर घट्ट दाबून बसवलेला. करोना आला, गेला, लोक त्याचं नाव विसरले, हिचा मास्क काही उतरेना. हॉल गच्च भरलेला, पंखे नुसते गरगरतात, सगळ्यांच्या पाठी घामानं भिजलेल्या, आणि ही आपली दाराजवळच्या खिडकीपाशी चोच लावून बसलेली. या दिवसांत इथे सर्दीखोकला असतोच. अर्धा हॉल शिंकत होता, शेजारी बसलेली कालिंदी तर माझ्या खांद्यावर खोकत होती, पण कुणी तोंड झाकलं नव्हतं. डिसेंबरात जरा गार वारा सुटला की हे अख्खं शहर माकडटोप्या घालतं, तेही मास्क बघून हसतं. मी जवळ जाऊन गोडीत विचारलं, की बाळ, बरं नाही का तुला? तर डोळ्यांनी हसली आणि म्हणाली, सवय झालीय काकू. आता हे काय उत्तर झालं?

पुढे ऐक. आवर्तनं चालू असताना मांडीवर फोन उभा धरलेला आणि एका कानात ती वायर. पलीकडे कुणीतरी आहे हे आंधळ्यालाही कळेल. मधेच मान खाली घालून, ऐकू येतंय ना, असं ती कुजबुजली, ते कालिंदीनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. (कालिंदी म्हणजे आमच्या मंडळाची आकाशवाणी. जन्म इथलाच, मराठी बोलते पण सूर बंगाली लागतो.) देवासमोर बसून फोनवर कुणाशी एवढं बोलायचं असतं? आपला उन्मेष त्या वेळी ऑफिसात असतो.

महाप्रसादाला म्हटलं आता बरी सापडेल. मास्क लावून कुणाला जेवता येत नाही. मी मुद्दाम तिच्यासमोरचं पान धरलं. तर बाईसाहेबांनी वाढप्याकडून मोदक डब्यात भरून घेतला, नमस्कार केला आणि निघून गेल्या. उकडीचा मोदक गार करून घरी कोण नेतं गं?

वडील फिरकलेच नाहीत. गेल्या वर्षी आवर्तनं दिगंबररावांनीच सांगितली होती, खणखणीत आवाज, सगळ्यांना फार आवडलं होतं. यंदा विचारलं तर, बाबा कामात आहेत. गणपतीत सरकारी कचेरीत कसलं आलंय काम! आईही नाही. कालिंदीकडे भांडी घासणारी बाई यांच्याच इमारतीत कामाला जाते, ती सांगते की मुलगी बाहेरून आली की कुणाशी न बोलता आधी आंघोळीला जाते. म्हणजे आम्ही सगळे काय, मसणवट्यात बसलो होतो?

मला तर नाना शंका येतात. ओठाला काही आहे का, दात पुढे आहेत का, की अंगावर कोड आहे? की दुसरंच काही प्रकरण? आमच्याकडे हे म्हणतात, मास्क लावलाय म्हणजे मास्क लावलाय, त्यात शोधण्यासारखं काय आहे. यांना आयुष्यभर बँकेतल्या सह्या तपासून माणसं ओळखता आली नाहीत, तर आता काय येणार!

विजयरावांना नमस्कार. तुझ्या जिवाला लागलेला घोर मी माझाच मानते, एवढं लक्षात असू दे.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

नाशिक,
ता. ५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र न्हाणीघरात जाऊन वाचलं. गणपतीला घरी आलेल्या उन्मेषला मी लगेच आडून आडून विचारलं. तो हसला. म्हणाला, आई, मी तिचा चेहरा रोज बघतो, दोन ओठ आहेत आणि दातही जागेवर आहेत. आता हल्ली फोनमध्ये चेहरे गुळगुळीत करून मिळतात हे याला कोण सांगणार! मग मी मास्कचं विचारलं, तर त्यानं विषयच बदलला. ती फोनवर कुणाशी बोलते ते विचारलं तर कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला की मला ठाऊक आहे, तू चौकशा करू नकोस. ताई, माझ्या मुलानं मला आजवर असं कधी तोडून टाकलं नव्हतं. लग्नाआधीच हा असा, तर पुढे काय!

आता एकच मार्ग आहे. तू त्यांच्या घरी जा. घर बघितल्याशिवाय माणूस कळत नाही. काही निमित्त काढ, पण जा. आई आणि बाप दोघांना डोळ्यांनी बघ. पितृपक्ष लागायच्या आत जमलं तर उत्तमच.

एवढं माझ्यासाठी कर. तुझ्याशिवाय हे मी कुणाला सांगणार?

तुझी,
हेमा

॥ श्री ॥

कोलकाता,
ता. २३ सप्टेंबर

चि. सौ. हेमास,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला त्याची कारणं दोन. एक, पितृपक्षात आमंत्रणाला कसं जाणार? आणि माझं निमित्त आमंत्रणाचंच होतं. दुसरं, गरियाहाटच्या बाजारात दुर्गापूजेच्या खरेदीच्या गर्दीतून मी घसा बसवून आणला. दोन दिवस अंग मोडून आलं होतं, खोकला अजून आहे. पण काल घटस्थापना होती, म्हटलं मुहूर्त दवडायचा नाही. मंडळाच्या भोंडल्याचं आणि हळदीकुंकवाचं आमंत्रण घेऊन मी बेहालाला गेले. करंडा हातात असला की कुठलंही दार उघडतं, हे तुला सांगायला नको. मेट्रोतून उतरून पुढे रिक्षा, जिकडे तिकडे मांडवांचे बांबू, जीव नकोसा झाला.

दार नूपुरनंच उघडलं. घरात होती तरी मला बघताच तिनं खिशातून मास्क काढून लावला. आणि मला म्हणते, काकू, रागावू नका, पण आत यायचं तर तुम्हीही लावाल का? असं म्हणून नवा मास्क पुढे केला. हेमे, हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीला दारात उभं करून तोंड झाक म्हणतात! मी म्हटलं, मी काय परकी आहे? आणि तोंड झाकून कुंकू लावायचं तर बोलायचं कसं? ती तशीच उभी राहिली, दारात आडवी. तेवढ्यात आतून आई आली. माझ्या हातातला करंडा बघून ती थबकली. मुलगी म्हणत होती, आई, नको, पण वृंदाबाईंनी तिला हातानं बाजूला केलं आणि मला आत घेतलं. चेहरा मात्र असा झाला होता की जणू मी जप्तीच आणलीय.

घर स्वच्छ. जरा जास्तच स्वच्छ, डोळ्यांत भरण्याइतकं. दारातच हात धुवायची बाटली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. मी कुंकू लावलं, ओटीत सुपारी घातली आणि उठता उठता म्हटलं, दिगंबररावांना नमस्कार करून जाते, गेल्या वर्षी किती सुंदर सांगितलं त्यांनी! वृंदाबाई म्हणाल्या ते झोपलेत. पण त्यांनी माझा आवाज ऐकला आणि आतूनच हाक मारली. मग काय, गेले.

हेमे, मी त्यांना ओळखलं नाही. हातपाय काटक्या, चेहरा मात्र सुजल्यासारखा गोल, हात थरथरत होते. उशाशी औषधांचा ढीग. त्यांची ताट-वाटी वेगळी ठेवलेली मी डोळ्यांनी पाहिली. गडी मात्र मला बघून इतका खूश झाला की काय सांगू! खुर्ची जवळ ओढायला लावली, मंडळातल्या एकेकाची चौकशी केली, यंदा आवर्तनांत कुठे सूर चढला आणि कोण मागे पडलं ते सगळं त्यांनी मलाच सांगितलं, जणू स्वतः तिथे बसले होते. मला बोलता बोलता खोकल्याची उबळ आली तर मुलीनं धावत पाणी आणलं, तेही कागदी पेल्यात! आणि लगेच खिडकी सताड उघडली.

पाण्याचा पेला टाकायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती मास्क खाली करून ओट्याशी डोळे पुसत उभी होती. चेहरा दिसला. देखणा आहे गं. ओठ, दात, काही म्हणजे काही खोट नाही. मला वाईट याचंच वाटलं, कारण मग झाकायचं ते दुसरं असणार. मला तर शंका उरली नाही. त्या घरात क्षय आहे. बाप खंगलाय, भांडी वेगळी, मुलगी तोंड झाकून हिंडते, आणि लग्न मोजक्या माणसांत उरकून टाकायचंय. मुलीलाही लागलेला असणार, नाहीतर तिनं तोंड का झाकावं?

तुझं तू ठरव. मी बघितलं ते लिहिलं. खोकल्यावर ज्येष्ठमध चघळतेय, काळजी करू नकोस.

आपल्या माणसांच्या पाठीशी उभं राहायला थोरली आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

नाशिक,
ता. २७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू होतीस म्हणून वाचलो. तुझं पत्र काल दुपारी आलं आणि मी तासाभरात त्या वृंदाबाईंना फोन करून टाकला. पत्रिका जुळत नाही असं सांगितलं. खरं कारण तोंडावर फेकायला जीभ शिवशिवत होती, पण यांनी डोळे वटारले.

बाईंचं वागणं सांगते. मी चार शब्द गोड बोलायची तयारी करून बसले होते, तर त्यांनी माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. नुसतं बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. का नाही, कसं नाही, काही नाही. मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते, ढोल वाजत होते. म्हणजे बाई पूजेची मजा बघायला बाहेर पडलेल्या! मुलीचं लग्न मोडतंय आणि ही गाडीत बसून मांडव बघतेय. म्हणजे त्यांनाही हेच अपेक्षित होतं. पकडले गेलो हे त्यांना कळलं असणार.

उन्मेषला मात्र मी संध्याकाळी सांगितलं. त्यानं एकच विचारलं, की तुला हे कुणी सांगितलं. मी तुझं नाव घेतलं, कधी ना कधी कळणारच होतं. त्यानंतर त्यानं फोन घेतलेला नाही. येईल हळूहळू ताळ्यावर. आज रागावला तरी उद्या आईचे आभारच मानेल.

तुझा खोकला कसा आहे? आता निवांत देवीची पूजा बघ.

तुझ्या उपकारात राहायला आवडणारी,
हेमा

पुणे,
२८ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. मेसेज केला असता तर तू काकांना आणि त्यांच्यामार्फत सगळ्या मंडळाला वाचून दाखवला असतास. हे मात्र एकटीनं वाच.

नूपुरचे बाबा परवापासून आयसीयूत आहेत. न्यूमोनिया आहे. आईनं पत्रिका जुळत नाही असं सांगायला फोन केला तेव्हा वृंदाकाकू त्यांना अ‍ॅम्ब्युलन्समधून नेत होत्या. पूजेच्या गर्दीत गाडी अडकली होती.

त्यांना क्षय नाही. मार्चमध्ये नागपूरला त्यांचं मूत्रपिंड बदललं. वृंदाकाकूंनी स्वतःचं दिलं. शरीरानं ते बाहेरचं समजून नाकारू नये म्हणून अशी औषधं द्यावी लागतात की अंगातली झुंजायची ताकदच निम्मी होते. आपण दोन दिवस काढा पिऊन बरे होतो, त्यांच्या तेच जिवावर बेततं. चेहरा त्या औषधांनी सुजतो, हातही त्यांनीच थरथरतात. म्हणून नूपुर गर्दीत मास्क लावते. स्वतःला जपायला नाही, घरी काही घेऊन जायला नको म्हणून. म्हणूनच ती बाहेर जेवत नाही, म्हणून आंघोळ. आणि तो फोन! तो फोन बाबांना लावलेला असायचा, मावशी. यंदा त्यांना येता येत नव्हतं, म्हणून ती त्यांना आवर्तनं ऐकवायची. मोदकही त्यांच्यासाठीच नेला होता, घरी पुन्हा वाफवून.

तू विचारशील, मग सांगितलं का नाही. मला तिनं जुलैमध्येच सांगितलं होतं आणि शब्द घेतला होता. कोडासारखं काही लपवायचं होतं म्हणून नव्हे. आपल्या लोकांना कळलं की कुणी आजारी आहे, तर ते काय करतात? समाचाराला जातात. चाळीस घरं, प्रत्येक जण शहाळं घेऊन येणार, पलंगावर बसणार, हात हातात घेणार, खोकणार. कुणालाही नाही म्हणता येत नाही, म्हटलं तर माणूसघाणे. काकूंना तेवढंच टाळायचं होतं. वर्षभर कुणी येऊ नये, एवढंच. लग्नाला माणसं नकोत त्याचंही कारण तेच.

मी तुला सांगितलं असतं तर तू गेली नसतीस का? मी दोन दिवस याचाच विचार करतोय. मला वाटतं तू शहाळं घेऊन गेली असतीस.

डॉक्टर म्हणतात संसर्ग कुठून आला ते नक्की सांगता येत नाही. पण पितृपक्षापासून त्या घरात बाहेरचं माणूस एकच आलं होतं. आमंत्रणाला आलेल्या त्या मंडळाच्या श्यामलाताई म्हणजे माझी मावशी, आणि तिला माझ्या आईनं पाठवलं होतं, हे त्या घरात अजून कुणाला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं आहेस.

मी उद्या निघतोय. तुझ्याकडे उतरणार नाही. हॉस्पिटल बायपासजवळचं, पत्ता मागे लिहिला आहे.

राग गेल्यावर नेहमीसारखं लिहीन, आज जमत नाही.

उन्मेष

॥ श्री ॥

कोलकाता,
ता. ४ ऑक्टोबर

चि. सौ. हेमास,
आशीर्वाद.

उन्मेषचं पत्र यासोबत पाठवतेय. आधी ते वाच, मग हे.

वाचून मी पहिल्यांदा काय केलं असेल? मी शंकाच घेतली. म्हटलं, पोरगा त्यांच्या बाजूचा झालाय, मला दोष देतोय. खोकला काय मला एकटीलाच होता? अर्धं शहर खोकतंय, औषधवाला आला असेल, दूधवाला आला असेल. दिवसभर मी मनातल्या मनात दुसऱ्या कुणाचं तरी नाव शोधत होते. यांना पत्र दाखवलं. यांनी वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि मागचा पत्ता वर येईल अशी घडी करून पत्र माझ्यासमोर ठेवलं. 

दसऱ्याला गेले. रस्त्यात ठाकूर, म्हणजे देवीच्या मूर्ती, बघायला निघालेली माणसं, विसर्जनाच्या गाड्या, ढाकांचा दणदणाट. हॉस्पिटलच्या दारात मी मास्क विकत घेतला आणि लावला. नाकावर दाबून नीट बसवला, तिचा असायचा तसा. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर तोंड दाखवायची लाज वाटत होती.

खाली बाकांवर नातेवाईक बसतात. उन्मेष आणि नूपुर दिसले नाहीत, वर असावेत. वृंदाबाई एकट्याच होत्या. मी शेजारच्या बाकावर बसले. त्यांनी मला ओळखलं नाही. मला बंगाली समजल्या आणि हिंदीत विचारलं, तुमचं कोण आहे आत? हेमे, मी भाऊ म्हटलं. का म्हटलं ते मलाही ठाऊक नाही. मग त्या आपणहून बोलायला लागल्या. अनोळखी माणसाशी बोलणं सोपं असतं ना. म्हणाल्या, जिवावरचं टळलंय, आज श्वासाची नळी काढली. पण मूत्रपिंड गेलं. आता पुन्हा आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर. माझंच होतं ते, म्हणाल्या, आणि पोटावर हात ठेवला, आपण गर्भारपणात ठेवतो तसा.

समोरून बंगाली बायकांचा घोळका गेला, देवीला निरोप देताना खेळतात त्या सिंदुरानं गाल लालभडक, कुणाला तरी भेटायला थेट मांडवातून आलेल्या. त्यांच्याकडे बघत वृंदाबाई म्हणाल्या, दीदी, तुमच्यातही असेल हे. एक बाई माझ्याकडे कुंकू घेऊन आली होती. मुलीनं तिला दारात अडवलं होतं, बरोबर अडवलं होतं. मीच मुलीला बाजूला केलं. नवरा आत जगायला धडपडतोय आणि दारात आलेल्या कुंकवाला मी नाही म्हणू? माझा हात धजला नाही. त्यांच्या आयुष्यासाठीच मी ते लावून घेतलं. आता मुलगी मला एका शब्दानं बोलत नाही, पण माझ्याकडे बघतही नाही.

 आत श्वास कोंडला, पण मास्क काढला नाही. एवढं तरी मला आता कळतं. मी मराठीत म्हटलं, वृंदाताई, ती बाई मी. मी श्यामला. आणि मी उन्मेषची मावशी आहे, मला माझ्या बहिणीनं तुमच्यात खोट शोधायला पाठवलं होतं. हो, तुझं नाव घेतलं. माझ्या एकटीच्या अंगावर घेतलं असतं तर तेही एक लपवणंच झालं असतं.

 मला वाटलं आता ओरडतील, चार लोकांत माझी अब्रू काढतील. हेमे, मी त्याचीच वाट बघत होते. त्यांनी नुसतं विचारलं, की तुम्ही त्या दिवशी फार खोकत होतात, आता बरं आहे ना? टोमणा नव्हता गं तो. त्या खरंच विचारत होत्या. माझ्या तब्येतीची त्यांना काळजी वाटत होती.

टोमणा असता तर मी घरी येऊन जेवले असते.

विजयरावांना नमस्कार सांग. लोभ ठेव असं लिहायला आज हात उचलत नाही, ठेवलास तर बरं वाटेल.

तुझी,
ताई